गार टाकी

समुद्र ही सर्व जीवांची जननी आहे. बंगळूरमध्ये ही जननी निळ्या पिंपांत भरून टेम्पोने येते, आणि घाटात डचमळून थोडी कमी भरते.

मल्लेश्वरमच्या एका संस्थेत हे पाणी माझ्या अक्कासाठी, म्हणजे थोरल्या बहिणीसाठी यायचं. तिने तिथे दोन टाक्यांत सी-अर्चिन पाळले होते. काट्यांचे चेंडू असावेत तसे हे प्राणी. नर-मादी आपापलं बीज पाण्यात सोडतात, पुढचं पाणी बघून घेतं. एक टाकी उद्याच्या समुद्राइतकी कोमट, दुसरी आजच्याइतकी गार. कोमट पाण्यात अंडी रुजत नाहीत, रुजली तर पिल्लं वाकडी निघतात, हे दाखवायला तुलनेसाठी गार टाकी हवीच. हे प्राणी वर्षातून एकदाच बीजाला येतात, आणि अक्काची कंत्राटी नोकरी त्या हंगामावर टांगलेली होती.

ऐन हंगामात संस्थेने तापत्या समुद्रावर परिषद भरवली. पाहुणे मोठे आणि सभागृहातले एसी जुने. सगळं एकदम चालवलं की वीज जायची, म्हणून कुणीतरी सकाळीच प्रयोगशाळेकडची लाइन बंद केली. टाकी गार ठेवणारं यंत्र त्याच लाइनवर होतं. अक्काला हे माहीत नव्हतं. विषय तिचा म्हणून तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी मागे, चहाच्या आशेने.

दुपारी पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. गार टाकीचं पाणी बंद खोलीतल्या उकाड्याने तापलं होतं आणि दुधासारखं पांढरं झालं होतं. प्राण्यांनी घाबरून सगळं बीज अवेळी सोडून दिलं होतं. एक पाहुणे वाकून म्हणाले, "अभिषेक केलाय काय?" सगळे हसले. अक्काने पाण्यात बोटं घातली आणि बराच वेळ काढली नाहीत.

आयोजक आमच्या बसवनगुडीतलेच, घरी मराठी बोलणारे. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "स्वल्प सांभाळून घ्या, अक्का. परत सोडतील की."

"सोडतील, पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "तेव्हा मी इथे नसेन."

संध्याकाळी तिने ती अंडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काही एकदा दुभंगून थांबली होती. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नव्हती. अक्का आता बेळ्ळंदूरला एका कंपनीत दुसऱ्यांचे अहवाल तपासते.

परिषद यशस्वी झाली. सभागृह इतकं गार होतं की सत्कारात मिळालेल्या शाली लोकांनी खरोखरच पांघरल्या.