बोर्डवाल्या बाईंचं मुकं मशीन

"कॉम्प्युटरवर वॉलपेपर कोणता लावू, बाई?" मी विचारलं आणि लगेच जीभ चावली. बाईंना जन्मापासून दिसत नाही. त्या हसल्या, म्हणाल्या, "लावा तुमच्या आवडीचा."

बोर्डवाल्या बाई एकोणीस वर्षं रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर आहेत, आलेले फोन जोडून देतात. त्यांचा कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवतो, तेही इतक्या वेगानं की मला नुसती किरकिर ऐकू येते. तेवढ्यात बाई कुठला डॉक्टर कुठल्या वॉर्डात ते सांगून मोकळ्या. फोनची तिसरी घंटा त्यांनी कधी होऊ दिली नाही. मी इथले कॉम्प्युटर दुरुस्त करतो, मला त्या चपलांच्या आवाजावरून ओळखतात. "या मिस्त्री, आज कुणाच्या मशीनचं वाटोळं करून आलात?"

त्या दिवशी त्यांच्याच मशीनचं केलं होतं. सगळ्या इमारतीत नवी सिस्टिम टाकायची होती. बाईंचं मशीन सगळ्यात जुनं, तरी मी ते बाकीच्यांबरोबर दामटलं. वाचणारा प्रोग्राम घातला, पण आवाजच येईना. नवी सिस्टिम जुन्या साउंड कार्डला, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाला, ओळखच देईना. आणि मी गाढवानं आधीच यादीवर 'तयार' लिहून सही ठोकलेली.

"अर्ध्या तासात होतं," मी म्हणालो.

बाईंनी चाचपत मशीनवर तळहात ठेवला. आतला पंखा फिरतोय का ते बघत होत्या. "चालू आहे ना हो? मला काहीच कळत नाहीये." त्यांचा असा घाबरा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

फोन तर वाजतच होते. मी स्टूल ओढलं आणि डॉक्टरांची यादी वाचून दाखवू लागलो. "भरभर, मिस्त्री." साडेअकराला त्यांनी आलेले मेल बघायला सांगितले. पहिलाच हेडक्लार्कचा, बाईंच्या नावानं. आज पाचपर्यंत नव्या सिस्टिमवर काम सुरू झालं नाही, तर उद्यापासून फोनवर दुसरं माणूस बसेल आणि बाई जुन्या फायलींच्या खोलीत.

फायलींच्या खोलीत सगळा कागद. तिथे बाई करणार काय, भिंतीकडे तोंड करून बसणार?

"काय आलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तिसऱ्या मजल्यावर दुपारी पाणी बंद."

दयेपोटी लपवलं असं कुणाला वाटेल. छे, सही माझी होती आणि माझी पाचावर धारण बसली होती.

मग तासन्‌तास साउंड कार्डाच्या फायली शोधत राहिलो. एक टाकली तर पडदा निळा झाला, दुसरी टाकली तर माउस अडला. दर थोड्या वेळानं बाई विचारायच्या आणि मी अर्धा तास म्हणायचो. नजर भिंतीवरच्या घड्याळावर. साडेचारला मी माउस सोडला.

"बाई, सकाळी एक मेल आला होता. तो मी वाचून दाखवला नाही."

वाचून दाखवला. मग बाईंनी विचारलं, "वाजले किती?"

"चार पस्तीस."

त्यांनी सर्रकन खण ओढला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि वायरींच्या गुंत्यातून एक हेडफोन काढला. "भावानं आणला होता. डोक्याला आवळतो म्हणून टाकून दिला. हा चालेल?"

चपट्या, यूएसबी पिनेचा होता. असल्या हेडफोनमध्ये त्याचं स्वतःचं साउंड कार्ड असतं, मशीनचं लागतच नाही.

"दिवसभर खणात होता, बाई?"

"तुम्ही विचारलंत कुठे? अर्धा तास म्हणत राहिलात. पाचची वेळ ठाऊक असती तर सकाळीच सगळे खण उपसले असते."

घाईत मी पिन दोनदा उलटी घातली. तिसऱ्यांदा बसली. बाई दचकल्या आणि मला ती किरकिर ऐकू आली.

त्यांनी आधी तो मेल उघडला. तेवढ्यात फोन वाजला. दुसरी घंटा, तिसरी, चौथी. बाई कान देऊन मेल ऐकत होत्या. संपला, तर पुन्हा पहिल्यापासून लावला.

"मी वाचला तसाच आहे हो," मी म्हणालो.

"असेल. मला ऐकू द्या."

ऐकून झाल्यावर त्यांनी फोन घेतला. एका कानाला रिसीव्हर, दुसऱ्यावर हेडफोन. "डॉक्टर चौथ्या मजल्यावर आहेत, जोडून देते." पाचला हेडक्लार्क दारात आले, बघितलं आणि परत गेले.

खुर्ची वाचली. माझी थट्टाही त्या अजून करतात. पण मला काही वाचून दाखवायला त्यांनी त्यानंतर कधी सांगितलेलं नाही.