पडलेल्या लोंब्यांचा मालक

"वटी मोकळी कर."

मालक बांधावर उभा होता. आई वाकलेली होती, तशीच थांबली. भात कापून झालं होतं, झोडून झालं होतं, पोती टेम्पोत चढली होती. खाचरात उरला होता तो सरवा. म्हणजे कापणीत गळून पडलेल्या लोंब्या. त्या जमीन नसलेल्या बायांनी वेचायच्या, हा मार्गासनीच्या बाजूचा जुना रिवाज. त्यासाठी कोणी परवानगी मागत नसे.

"पडलेलंच येचलंय, मालक," आई म्हणाली.

"पडलेलं बी माझ्याच रानातलं हाय. वत खाली."

आईने ओटी सोडली. लोंब्या ढेकळांवर पडल्या. मालकाने बैल पुढे घातले.

"गुरांच्या तोंडी पडंल, तेवढंच पुण्य," तो म्हणाला आणि हसला. बांधावरच्या दोन बायाही हसल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच कामाला जायचं होतं.

मी तेव्हा दुसरीत होते. बैल सावकाश खात होते. आई ते संपेपर्यंत उभी होती. मालकाने तिला जाऊ दिलं नव्हतं.

आता मी भोरला बातमीदार आहे. गेल्या हिवाळ्यात मला एका शिबिरात बोलायला बोलावलं. बोलावणारे पुण्याचे निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणतात. वेल्ह्याच्या रस्त्याला त्यांचं फार्महाऊस आहे. तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप, आत क्रांती. सर एकदा मजुरीच्या प्रश्नावर आमच्या बायांच्या बाजूने बोलले होते, भर उन्हात, तहसीलसमोर. ते मी विसरले नव्हते. म्हणून गेले.

भिंतीवर एक फोटो होता. जाड मिशा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, ताजा झेंडूचा हार. रशियावर मरेपर्यंत राज्य केलेला हुकूमशहा. सरांच्या लेखी गरिबांचा बाप. जिवंतपणीच त्याने शहराला स्वतःचं नाव देऊ दिलं आणि मारलेल्यांची नावं पुस्तकांतून पुसली. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही.

विषय सरांनीच दिला होता.

"याच्या बालपणावर बोला, ताई. चांभाराचा मुलगा होता. तुमच्यातल्या कोणी सांगितलं की या मुलांना ते आपलं वाटतं."

तुमच्यातल्या म्हणजे कोणातल्या, हे मी विचारलं नाही. आमचं घर बौद्ध आहे, हे सरांना ठाऊक होतं. सर जात मानत नाहीत. वापरतात.

मी तयारी केली. एका माणसाचं बालपण वाचायला घेतलं की बातमीदार तिथे थांबत नाही. मी त्याचं मरण येईपर्यंत वाचलं.

समोर शिवरे, नसरापूर, वेल्ह्याकडची पोरं-पोरी बसली होती. मागे सरांबरोबर पुण्याहून आलेले कार्यकर्ते. बालपण मी नीट सांगितलं. दारुडा बाप. लोकांची धुणी धुणारी आई. पाद्री व्हावा म्हणून पाद्र्यांच्या शाळेत घातलेला आणि तिथून बाहेर पडलेला मुलगा. सर मान डोलवत होते.

मग मी पान उलटलं.

हाच मुलगा सत्तेवर आला. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र केल्या, म्हणजे काढून घेतल्या. ठरवून दिलेलं धान्य भरलं नाही तर घरातलं बियाणंही उचललं. युक्रेनमध्ये गावंच्या गावं उपाशी मेली आणि त्याच काळात धान्य परदेशी विकलं जात होतं. कापणी झालेल्या शेतात बाया पडलेली कणसं वेचायला जायच्या. त्यांच्यासाठी त्याने कायदा केला. गोळी, नाही तर वर्षानुवर्षं सक्तमजुरीची छावणी.

"आपल्याकडं त्याला सरवा म्हणतात," मी म्हणाले.

पुढच्या रांगेतली शिवऱ्याची मुलगी एकदम बोलली, "आवो पर, सरव्याला गोळी?"

"थांबा, थांबा." सर उठले. "संदर्भ समजून घ्या. ते धान्य जनतेच्या मालकीचं होतं. पडलेलं असलं तरी."

पडलेलं असलं तरी.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. बोली तेवढी वेगळी होती.

"वेचणारी कोण होती, सर? ती जनता न्हवती?"

चिडले की माझी गावची भाषा बाहेर येते. सरांना ती आवडली असावी. ते हसले.

"ताई, तुमचा दोष नाही. तुमच्या लोकांना पोटाच्या पलीकडचा इतिहास दिसत नाही. पण बालपणाचा भाग छान झाला हं. आता जरा आत जाऊन चहाचं बघता का?"

मागचे दोघं-तिघं हसले. तेही मी आधी ऐकलेलं होतं. उद्या ज्याच्याकडे कामाला जायचं, त्याच्यासाठी हसायचं हसू.

माझ्या हातात अर्धं पान उरलं होतं. खाली बसले असते तर ते अर्धं पान म्हणजे सांडलेली ओटीच.

"चहा तुमी करा, सर. माझं वाचून व्हायचंय."

त्यांनी माईक बंद केला. खाचरात पल्याडच्या बांधाला हाक मारत वाढलेल्या बाईला माईक लागत नाही. मी वाचलं. ज्यांच्या शेजारी उभा राहून त्याने फोटो काढले, त्यांना त्याने मारलं, मग फोटोतूनही खोडलं. म्हातारपणी झटका आला तेव्हा तो खोलीत जमिनीवर पडून राहिला, स्वतःच्या मुतात. बाहेर पहारेकरी उभे होते. दार उघडायची कोणाची छाती झाली नाही. न विचारता आत आलेल्याचं काय होतं, हे त्यानेच त्यांना शिकवलं होतं. चांगले डॉक्टर तुरुंगात होते. तेही त्यानेच टाकलेले. अर्ध्या जगाला धाक घातलेला माणूस पडला होता आणि त्याला वेचायला कोणी आलं नाही.

पान संपलं. टाळी एकही नाही. सर फोटोचा हार सारखा करत होते. मी फाटकाशी जाऊन कुलूप काढायला लावलं. शिवऱ्याची मुलगी चपला हातात घेऊन माझ्या मागे पळत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

घरी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजी तितं बी मालकच व्हता की. निस्ता कोट येगळा."

यंदाची कापणी जवळ आली आहे. त्या खाचराच्या बांधावर आता मालकाचा मुलगा उभा असतो. मी रजा टाकली आहे. आई म्हणते, "आता कशाला? घरात तांदूळ हायेत की." आहेत. तरी आम्ही दोघी सरवा वेचायला जाणार आहोत, त्याच खाचरात. शिवऱ्याची मुलगीही येते म्हणाली आहे.

कोणीही म्हणो, वटी मोकळी कर. बांधावरून म्हणो, नाही तर हार घातलेल्या फोटोतून.

गाठ मी सोडणार नाही. आईलाही सोडू देणार नाही.