पाचही बोटं

जोगेश्वरीत जाळी-दोऱ्या विकणारा तो मालवणी दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही, हातांकडे बघायचा. दुबईच्या मेहुण्याकडे मी टू-इन-वन टेपरेकॉर्डर मागितला होता. त्याने आणली पाण्याखाली माशाला भाला मारायची बंदूक! आता भाला बंदुकीला बांधायला दोरी हवी होती. मी ऐटीत बारीक, पारदर्शक नायलॉनचा तंगूस उचलला.

"माशाला दिसता कामा नये ना!"

त्याने तंगुसाचा वेढा माझ्या बोटाला घातला आणि हळूच ओढला. मी दुकानभर ऐकू जाईल असा किंचाळलो.

"मासो हेच्यापेक्षा जोरान ओढतलो," म्हणत त्याने जाड, विणलेली दोरी पुढे केली. "ही घे. आणि हाताक गुंडाळू नको रे, बोट तुटात."

मे महिन्यात मालवणच्या समुद्रात भाला लागलेल्या पहिल्याच माशाने धूम ठोकली, तेव्हा मी शहाणा दोरी हाताला गुंडाळूनच पोहत होता. मासा निसटला. हातावर नुसता लाल वळ उठला.

परत आल्यावर थापांची तालीम करून दुकानात गेलो. त्याने माशाचं विचारलंच नाही.

"हात दाखय."

त्याने एकेक करून पाचही बोटं चाचपली. मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून हसला.