टेबलाची उंची

आज माझ्या योगवर्गात ताडासनाला सगळ्यांचे हात वर गेले, तात्यांचे मात्र खांद्यापाशीच अडले. तात्या आमच्या कारखान्यातले जुने फिटर. ज्या टेबलावर ते वर्षानुवर्षं वाकून काम करत राहिले, त्याचं ड्रॉइंग माझं. "साहेब, टेबल चार बोटं उंच होईल का?" त्यांनी एकदा विचारलं होतं. ड्रॉइंग पास झालंय, एवढंच मी म्हणालो. यंत्राला लागणारी जागा आम्ही काटेकोर मोजायचो. माणूस कसाही मावतो, असं धरून चालायचो. इंजिनिअरिंग सोडून साठीत योग शिकवायला लागलो, तेव्हा कुठे माणसाच्या कण्याकडे नीट पाहिलं.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "जरा सरळ व्हा, तात्या."

ते ओशाळले. "माफ करा साहेब, पाठच ऐकत नाही."