सुपात घेतलेली लेक

सुक्या जवळ्याचा वास आला की मला अजूनही ते प्रकरण आठवतं. तो वास माझ्या टेबलासमोर बसलेल्या एका कोळणीच्या पदराला होता, आणि ती माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होती.

तेव्हा मी दक्षिण रायगडच्या किनाऱ्यावर एका लहान ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. दिवेआगरच्या बाजूला चक्रीवादळाने जे केलं, त्यातलं थोडं आमच्याही वाट्याला आलं होतं. ठाण्याचे पत्रे नुकते बदलले होते. हद्दीत कोळीवाडे, खाडीकाठचे मुसलमान मोहल्ले आणि मागे डोंगराकडे भातशेतीच्या वाड्या. सकाळची हजेरी, गस्तीचा आढावा, जेट्टीवर एक फेरी, दुपारनंतर पासपोर्टच्या पडताळण्या, असा दिवस ठरलेला. पडताळण्या भरपूर असत, कारण मोहल्ल्यात घरटी कोणीतरी परदेशात. मी रोज सकाळी कामांची यादी करायचे आणि संध्याकाळी एकेकावर काट मारायचे. हे काम त्या यादीत एका ओळीचं होतं.

मोहल्ल्यातल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला पोलीस क्लिअरन्स हवा होता. तिचे वडील दक्षिण आफ्रिकेचे नागरिक. त्यांचे आजोबा आपल्याच किनाऱ्यावरून केप टाऊनला गेलेले. नातवाने लग्नासाठी मुलगी मात्र इथली केली; बायको आणि लेक इथेच राहिल्या. वडिलांच्या नागरिकत्वाच्या आधारे मुलीला तिथे राहण्याचा हक्क मागायचा होता. त्यासाठी लागणाऱ्या कागदांत आमचा एक कागद.

मी सही करणार, तेवढ्यात जेट्टीवरच्या चहावाल्याचा फोन आला. तो आमचा जुना खबऱ्या.

"मॅडम, ती आफ्रिकेला चाललेली पोर त्या माणसाची नाहीच. कोळ्याची आहे. तिचे कागद करणारा एजंट काल माझ्याकडे बसून छाती ठोकत होता, कोळ्याची पोर आफ्रिकेवाल्याची करून दिली म्हणून."

"चहाच पीत होता ना तो?"

"मस्करी नाही मॅडम. पोरगी विकतायत."

या शब्दानंतर सही करता येत नाही. मी ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली, वरिष्ठांना कळवलं आणि बीट हवालदाराला ग्रामपंचायतीत पाठवलं. तासाभरात तो आला. खबर खरी दिसत होती. पंचायतीच्या जन्मनोंदीत मुलीच्या जन्मतारखेला एकच मुलगी होती. आई शेजारच्या कोळीवाड्यातली एक बाई, बाप तिचा आता हयात नसलेला नवरा, मुलीचं नाव 'भिकी'. अर्जाला जोडलेला दाखला वेगळंच सांगत होता, आणि त्यावरचा शिक्का बनावट होता.

कोवळ्या मुलीला खोट्या बापाच्या नावावर परदेशी पाठवतात, तेव्हा पुढे काय होतं ते आम्हाला माहीत असतं. मी मुलीला आणि तिला सांभाळणाऱ्या मावशीला बोलावलं. ही मावशी म्हणजे तिच्या आईची बहीण. मुलगी तिला खाला म्हणायची. महिला शिपाई शेजारी बसवून जबाब सुरू केला.

"दाखला खोटा आहे, हे माहीत होतं?"

मुलगी रडली नाही. म्हणाली, "होतं. खरा दाखला काढायला गेले तेव्हा आयचं नाव निघालं. एजंट म्हणाला, दुरुस्तीत वर्षं जातील. अब्बांना पक्षाघात झालाय, मॅडम. उजवं अंग गेलंय. अम्मी मी शाळेत असतानाच गेली. तिथे त्यांना पाणी पाजायला पगारी बाई येते."

"आय म्हणजे ती कोळीण?"

"हो. लहानपणापासून तिला आय म्हणते. नोंद कशी झाली ते मला माहीत नाही. तिला सांगितलं, पंचायतीत येऊन बोल की मी तुझी नाही. ती ऐकतच नाही."

खाला मान खाली घालून पदराचा काठ चाळत होती. तिला काहीतरी ठाऊक आहे आणि ती ते बोलणार नाही, एवढं मला कळलं. तेव्हा मी कोळणीला बोलावलं.

ती बाजारातून तशीच आली. टोपली बाहेर ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"मावशी, ही पोर कोणाची?"

"माजी."

"मग ती मोहल्ल्यात कशी वाढली?"

"पोरं कुठं पन वाढतान. माज्या कोंबड्या पन त्यांच्याच अंगनात असतान."

"ती नमाज पढते."

"पडूं दे. देवाचंच नाव घेते ना?"

बाहेर हवालदाराला हसू आवरेना. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं.

"खोटा जबाब दिलात तर गुन्हा होतो. पोरगी तुरुंगात जाईल."

तिचा चेहरा उतरला, पण शब्द बदलला नाही. "माजीच हाय. किती येला इचारशील, बाय?"

"घरी झाली की दवाखान्यात?"

"घरीच. उंबऱ्यावर सुपात घेतली मी तिला." आणि तिने जीभ चावली.

पोटच्या मुलीबद्दल कोणी असं बोलत नाही. मी पुन्हा पंचायतीच्या नोंदीतलं ते नाव पाहिलं. भिकी. अलीकडच्या काळात कोणी हौसेने ठेवणार नाही असं नाव. मग मला माझं घर आठवलं. मी बाकी सगळ्यांना बाहेर पाठवलं.

"मावशी, माझ्या बापाचं नाव धोंडू होतं."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "किती गेली व्हती त्यांच्या आदी?"

"तीन."

"हिच्या आदी दोन," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे नवं मूल जन्मलं की ते शेजारणीच्या सुपात घालायचं. शेजारीण मूठभर धान्य देऊन ते विकत घेते. नावही कोणाला हेवा वाटू नये असं ठेवायचं. मूल वाढतं आईच्याच घरी, पण मालकी शेजारणीची. आधीची मुलं नेणारं मरण पुन्हा आलं, तर त्याला हे मूल त्या घरचं म्हणून सापडू नये म्हणून. माझ्या आजीने माझ्या बापाला सुपात घातलं, तसं या मुलीच्या आजीने केलं. येण्याजाण्याचा घरोबा असलेल्या या दोन वस्त्यांत धर्म त्याच्या आड आला नाही. पण आजी एक पाऊल पुढे गेली. अंगणवाडीची बाई नोंद घ्यायला आली, तेव्हा तिलाही तिने कोळणीचंच नाव सांगितलं. मरणाला फसवायला निघाली आणि सरकारी दप्तर फसलं.

"मग हे आधीच का नाही सांगितलंत?"

"माजी न्हाय म्हनलं त जे त्या दोगांना घेऊन गेलं, ते हिला पन शोदीत येल. आनि पोर त आता विमानान बसाची. वर आभालान."

नोंदीतल्या आईच्या जबाबाशिवाय दुरुस्ती होणार नव्हती. आणि जबाब द्यायचा म्हणजे जे वाक्य तिने इतकी वर्षं टाळलं, तेच बोलायचं. तिला कायदा समजावून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "माझ्या बापाला लग्नाआधी परत घेतलं होतं. तसंच सूप भरून."

"आमच्यान पन तसंच. पन हिची आय गेली. घेनार कोन?"

मी खालाला आत बोलावलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "मॅडम, आमच्यात हे बसत नाही. आमच्या अम्मीने, हिच्या नानीने, केलं ते मौलवीसाहेबांना पण सांगितलं नव्हतं." मग हळूच विचारलं, "तांदूळ कोलम चालेल?"

"दुकानाचा नको," कोळीण म्हणाली. "घरचा आन."

दुसऱ्या सकाळी मी साडी नेसून कोळीवाड्यात गेले. ही पायरी कुठल्याही नियमावलीत नव्हती, म्हणून गणवेश घातला नाही. उंबऱ्यावर सूप होतं. खालाने त्यात शेतावरचे तांदूळ ओतले. कोळणीने ते हाताने सारखे केले, मुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नेली तुमची तुमी. आता माजं काय न्हाय."

"काय नाही कसं?" मुलगी म्हणाली. "तिकडे मला जवळा कोण पाठवणार?"

"तिकडं दर्या न्हाय का? तिकडचा खा." म्हणाली, आणि तांदूळ घेऊन घाईने आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

दुपारी ती ठाण्यात आली. लेखनिक लिहायला बसला तेव्हा तिने एकच अट घातली. "पोरीला भायेर धाड, बाय. पार जेट्टीवर धाड. हे तिच्या कानावर नको."

महिला शिपाई मुलीला जेट्टीवर घेऊन गेली. मग जबाब झाला. लेखनिकाने वाचून दाखवला, 'सदर मुलगी माझ्या पोटची नाही.' तिने डोळे मिटून अंगठा दिला. शाई पुसायला दिलेला कापूस तिला दिसलाच नाही. अंगठा पदराला पुसून ती उठली.

पुढचं काम रीतसर झालं. एजंटवर गुन्हा दाखल केला. मावशी-भाचीने बनावट दाखला स्वतः जमा करून सगळं सांगितलं होतं. सरकारी वकिलांच्या सल्ल्याने त्यांना साक्षीदार केलं. कोर्टाच्या आदेशाने नोंद दुरुस्त झाली. वकिलातीच्या मागणीवरून बापलेकीची डीएनए चाचणी झाली आणि उत्तर अपेक्षित तेच आलं. वेळ गेला, पण वडील वाट पाहत तग धरून होते.

त्या प्रकरणानंतर मी चौकशीच्या प्रश्नांत एक प्रश्न कायमचा वाढवला: खरं सांगितलं तर कोणाचं काय बिघडेल? खोटं बोलणारा स्वतःला वाचवतोय असं आम्ही गृहीत धरतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण अधूनमधून समोरचं माणूस दुसऱ्या कोणालातरी पदराखाली घेऊन बसलेलं असतं, आणि आपण दरडावतो तसा तो पदर आणखी घट्ट होतो. तिथे आवाज चढवून काही मिळत नाही. त्याच्या भीतीला आधी वाट करून द्यावी लागते.

मुलीचं विमान मुंबईहून पहाटे सुटलं त्या दिवशी कोळीण सकाळीच ठाण्यात आली आणि बाकावर बसली. तक्रार आहे का विचारलं, तर नाही म्हणाली. जेवण आणलं नव्हतं. महिला शिपायाने आपल्या डब्यातली भाकर दिली. माणसं आली-गेली, हजेरी झाली, ती बसून होती. दर थोड्या वेळाने एकच विचारायची, "खाली उतरलं का?"

संध्याकाळ उलटल्यावर माझ्या मोबाईलवर मुलीचा निरोप आला. मी बाहेर जाऊन सांगितलं, "मावशी, पोचली. अब्बांजवळ आहे."

"धडधाकट?"

"धडधाकट."

तिने दोन्ही हात जोडून वर पाहिलं. मग टोपली उचलली. "जाते, बाय. सकालपासून जवला वालत पडलाय."