वजन एक धरून

कृष्णविवरांवर काम करते म्हणून सगळी संस्था तिला विवरबाई म्हणे, आणि तिला ते आवडेही. नोकरी मात्र वर्षावर्षाच्या कराराची; दर वर्षी डोक्यावर टांगती तलवार. या खेपेला कायमच्या जागेसाठी समितीपुढे आपलं काम मांडायचं होतं.

काम असं: अवाढव्य वस्तूंना गुरुत्वाकर्षणाचे नियम, अणूहून लहानांना क्वांटमचे, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. कृष्णविवरात मात्र दोघांना एकाच खोलीत संसार करावा लागतो. कृष्णविवर हळूहळू विरत जातं तेव्हा हा संसार कसा चालतो, याचं सूत्र तिने एका लेखात छापलं होतं.

आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भाषणाची रंगीत तालीम चालली होती. सासूबाई बटाटे सोलत ऐकत होत्या.

"विरतं म्हणतेस, पण किती वेळात?"

"आई, ते वजनावर असतं."

"मग सूर्याएवढ्याचं सांग की!"

भौतिकशास्त्राच्या मंडळींची एक खोड असते. आकडेमोड सुटसुटीत व्हावी म्हणून प्रकाशाचा वेग एक धरायचा, बाकीचे स्थिरांकही एक. विवरबाईने त्या भरात कृष्णविवराचं वजनसुद्धा एकच धरलं होतं. आज पहिल्यांदाच तिने खरं वजन घातलं, तर उत्तर आलं: पापणी लवायच्या आत खलास! विश्वाच्या वयाहून कितीतरी जास्त टिकायला हवं होतं ते. वजनाने भागायचं तिथे तिने गुणलं होतं. एकाने गुणा नाहीतर भागा, फरक दिसणार कुठून?

तिला रडूच कोसळलं. "आई, बुडाले मी. उद्या समितीच्या हातात हाच छापील लेख असणार."

"मग दुरुस्त कर. रडून काय भागाकार होणारे?"

तिने डोळे पुसून भागून पाहिलं. मोठी कृष्णविवरं मुकाट वळणावर आली, विश्वाच्या वयाहून जास्त टिकू लागली. पण अगदी शेवटच्या क्षणी, चिमुकलं झाल्यावर, जुन्या, सर्वमान्य उत्तराहून एक बारीकसा, आधी न दिसलेला फरक उरला. दोन्ही नियमांना जोडणाऱ्या नव्या सिद्धांताचा माग लागला तर तिथेच लागणार! ती टुणकन उठून नाचायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी तिने पहिलंच वाक्य टाकलं, "तुमच्या हातातला माझा लेख चुकलाय." मग स्वतःच्याच फजितीवर हसत तिने सगळं सांगितलं. समितीचे अध्यक्ष कागदावर काहीतरी खरडत होते. एकाएकी ते डोळ्यांत पाणी येईतो हसले.

"अहो, छापण्याआधी हा लेख तपासायला माझ्याकडेच आला होता. मीही वजन एकच धरलं!"

मग सगळेच हसले, आणि त्या शेवटच्या फरकावर जेवणाची वेळ टळेपर्यंत वाद रंगला. संध्याकाळी जागा तिला मिळाल्याचा फोन आला.

"चूक कबूल करून नोकरी कायम?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनी जन्मात एक कबूल केली असती तर कुठल्या कुठे गेले असते!"

विवरबाई हसता हसता त्यांच्या गळ्यात पडली. पुढच्या वर्षाची धास्ती नसलेली अशी संध्याकाळ तिला आठवतच नव्हती.