खड्ड्यात बसलेला म्हसोबा

“गावाच्या मधोमध एवढा मोठा खड्डा, अन् तुम्ही त्याले बाग म्हनता?” नगराध्यक्ष नाना मला विचारत होते. आम्ही बागेच्या फाटकात उभे होतो. मागे मुरमाने भरलेले ट्रक इंजिन चालू ठेवून थांबले होते. म्हणजे माझं मत विचारायला नाना जरा उशिराच आले होते.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडे, केळीच्या पट्ट्यात, एका नगरपालिकेत मी उद्यान अधीक्षक होतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथे मला अजून चहा मिळतो. मी लँडस्केप आर्किटेक्चर शिकून आलेलो. नगरपालिकेत त्याचा अर्थ ‘झाडांना पाणी घालणाऱ्यांचा साहेब’ असा होता, आणि तोही जरा वाढवून सांगितलेला.

बाग इंग्रजांच्या वेळची. कुणा गोऱ्या इंजिनिअरने ती रस्त्यापेक्षा पुरुषभर खाली आखली होती. अशा खोलगट बागेला आम्ही ‘संकन गार्डन’ म्हणतो. चारी बाजूंनी उतरत्या दगडी पायऱ्या, कडेने विलायती शिरीष आणि चिंचा, मधे मोकळी हिरवळ. वैशाखातली झळ वरच्या वर निघून जायची आणि खाली गारवा साचून राहायचा. हमाल, पेन्शनर, परीक्षेची पोरं, दीपनगरहून बाजाराला आलेल्या बाया, सगळ्यांची दुपार तिथे निघायची. त्या परक्या माणसाला खानदेशचा उन्हाळा कळला होता. इथेच जन्मलेल्या नानांना त्यात फक्त खड्डा दिसत होता.

नानांना बाग रस्त्याच्या लेव्हलला आणायची होती. मग वर रंगीत कारंजं, सिमेंटचा जिराफ आणि नानांच्या नावाची संगमरवरी फरशी. जिराफ कशाला, हे मी विचारलं नाही. जिल्ह्यात जिराफांची उणीव होती हे मलाही मान्य होतं.

“नाना, भराव केला तर झाडं मरतील,” मी म्हणालो. “खोड जमिनीत शिरतं ना, त्या जागेला आम्ही रूट कॉलर म्हणतो. झाडाचा गळाच समजा. त्यावर माती पडली की मुळांना हवा मिळत नाही. झाड गुदमरतं.”

नाना हसले. त्यांचं घराणं केळीवालं. “साहेब, आम्ही केळीले मातीची भर देतो. बुंध्याशी माती लावली का झाड घट्ट ऱ्हायते, वाऱ्यात पडत नाही, घड वजनदार निघते. अन् तुम्ही म्हनता माती लावली का झाड मरते?”

“केळीचं वेगळं आहे, नाना. शास्त्राने पाहिलं तर केळ हे झाडच नाही.”

हे वाक्य मी बोलायला नको होतं. नानांसोबत फैजपूरकडचे त्यांचे व्याही आणि आणखी चार बागायतदार आले होते. केळ हे झाड नाही, हे ऐकून ती मंडळी इतकी मनापासून हसली की माझी पदवी तिथल्या तिथे रद्द झाली.

मी शेवटचा उपाय सुचवला. आमच्याकडे त्याला ‘ट्री वेल’ म्हणतात. बुंध्याभोवती ऐसपैस जागा सोडून दगडांची गोल भिंत बांधायची, कोरड्या विहिरीसारखी. भराव भिंतीबाहेर राहतो, आतल्या झाडाला आपली जुनी जमीन आणि हवा मिळते. प्रत्येक झाडाला अशी एक.

“बागेत इतक्या विहिरी?” नाना म्हणाले. “लोक म्हनतीन, नाना लोकाईले पाडाले निघाला.”

ट्रक आत गेले.

काम झपाट्याने चाललं आणि एका चिंचेपाशी अडलं. तिच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला म्हसोबा होता. ठेकेदाराने धुळ्याकडून आणलेल्या मजुरांनी पाट्या खाली ठेवल्या. त्यांचा मुकादम मला म्हणाला, “साहेब, तठे देव शे. त्याना आंगवर आम्ही माटी नही टाकसूत.”

ठेकेदार ओरडला, मजुरी कापायची धमकी दिली. मुकादमाने शांतपणे तंबाखू मळायला घेतली. शेवटी नानांना बोलावलं.

“देव उचलून वर ठेवू,” ठेकेदार म्हणाला.

“हात कोन लावीन?” नानांनी विचारलं.

ठेकेदाराने मुकादमाकडे पाहिलं, मुकादमाने आकाशाकडे. रूट कॉलरला न भिणारे नाना माझ्याकडे वळले. “ते तुमची विहीर म्हनत होते ना, ते इथं बांधा. लवकर.”

मी बांधली. दगड बागेच्याच मोडलेल्या पायऱ्यांचे घेतले, पूजेला उतरता यावं म्हणून आत लहानसा जिना ठेवला. माझ्या उभ्या नोकरीतलं ते सगळ्यात चोख काम. त्याची मंजुरी म्हसोबाच्या खात्यातून आली होती.

पुढच्या हंगामात पुरलेल्या चिंचा नुसत्या लगडल्या. जीव धोक्यात आला की कधी कधी झाड असं करतं, मरण्याआधी बी टाकून घेतं. नानांनी मला मुद्दाम बोलावून ते दाखवलं. “बघा साहेब, भर लागू पडली.” कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालं आणि मग विसाव्याला बसलं.

त्यानंतर शिरीष शेंड्यांकडून वाळत गेले. त्यांच्यामागून चिंचा. तोवर नाना पायउतार झाले होते. झाड मरायला जितका वेळ घेतं त्यापेक्षा नगराध्यक्षाची मुदत लहान असते, ही लोकशाहीने करून ठेवलेली सोय आहे. मला मात्र रोज त्या वाळक्या फांद्यांखालून ऑफिसात जावं लागे. फार वाईट वाटायचं.

हिरवी राहिली ती फक्त विहिरीतली चिंच. त्याचं कारण सगळ्या गावाला लगेच कळलं: म्हसोबा कोपला होता. बाकीची झाडं त्याने नेली आणि आपलं तेवढं राखलं. नारळ फोडायला आलेल्या एका अक्कांना मी ट्री वेल समजावून सांगायला गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “व्हय ना साहेब, त्यानंच तुमच्या हातून बांधून घेतली.”

नव्वदच्या दशकात तिथे गर्दी वाढली. मंडळ निघालं. अध्यक्ष कोण, तर नाना. मंडळाला देवासाठी सभामंडप हवा होता. विहीर बुजवायची, देव वर घ्यायचा आणि बुंध्याला चिकटून फरशी बसवायची असं ठरलं. माझ्या बागेतलं शेवटचं जुनं झाड आता भक्तिभावाने मरणार होतं.

मी नानांच्या घरी गेलो. या वेळी रूट कॉलरचा उच्चार केला नाही.

“नाना, देवाला वर आणताय?”

“मंग? सगळं गाव वर अन् देव खड्ड्यात, बरं दिसते का?”

“बाग वर आली तेव्हा देव का नाही आला? मजुरांनी पाट्या ठेवल्या. तुम्हीही हात लावला नाही. त्याला खालीच बसायचं असेल. ज्या झाडांची जमीन वर आणली त्यांचं काय झालं, ते तुम्ही पाहिलंच आहे.”

नाना अडकित्त्याने सुपारी कातरत होते. हात थांबला.

“मंग ते झाडं मी मारले म्हनता?”

“मी एकदा म्हणालो होतो, नाना. तेव्हा तुम्ही हसला होता.”

त्यांना हे लागलं. ते लागावं असंच मला वाटत होतं. अडकित्ता मिटून ते म्हणाले, “राहू द्या देवाले खालीच.” सभामंडप फाटकाजवळ झाला.

मी निवृत्त होण्याच्या सुमारास पुण्याहून लँडस्केप शिकणारी काही मुलं आली. त्यांना ऐतिहासिक बाग बघायची होती. मी त्यांना सरळ म्हसोबाच्या विहिरीत उतरवलं, आळीपाळीने, कारण बुंधा, देव आणि जिना सोडून आत तिघंच मावतात. “हीच ती बाग,” मी सांगितलं. “इंग्रजाने आखलेली मूळ लेव्हल आता एवढीच शिल्लक आहे.” वर ऊन फोडून काढत होतं आणि खाली गार होतं. मुलांनी टेप लावून खोली मोजली.

जाताना त्यांनी मला विचारलं, जुन्या बागा वाचवायच्या तर सुरुवात कुठून करायची. मी म्हणालो, रूट कॉलर परीक्षेत लिहा. नोकरीला लागलात की आधी बुंध्याशी शेंदूर आहे का ते बघा, आणि नसेल तर त्या झाडाची काळजी त्याच दिवसापासून करायला लागा.